वाचलेलं पुढे देताना : कारीची शकावली आणि भोर-वेल्ह्याचे वाचक



आजचा कार्यक्रम दोन भागांत आहे. उत्तरार्धात तुम्ही प्रत्येक जण सध्या काय वाचताय ते सांगणार, आणि दुसऱ्याने ते का वाचावं हेही सांगणार. भोरहून, नसरापूरहून, वेल्ह्याकडून मंडळी आपापली पुस्तकं पिशवीत घालून आली आहेत, ती आम्हाला इथून दिसताहेत. आमच्याकडे पूर्वार्ध आहे. संयोजकांनी विषय दिला तो असा, की एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला पुस्तक सुचवणं. आम्ही विचारलं, यात इतिहास कुठला आला? तर ते म्हणाले, तो तुम्हीच शोधा. आम्ही शोधायला बसलो आणि फार लांब जावं लागलं नाही. तो भोर तालुक्यातच, कारी गावात सापडला.

कारी म्हणजे रोहिडखोऱ्याच्या देशमुखांचं, जेध्यांचं गाव. कान्होजी जेधे कोण होते हे इथल्या श्रोत्यांना सांगायचं कारण नाही. त्यांची समाधी आंबवड्याला आहे, तिथेच जिवा महालांचीही आहे. १६५९ साली अफजलखान चाल करून येत होता तेव्हा विजापूरच्या दरबाराने मावळच्या देशमुखांना फर्मानं पाठवली. कान्होजींना आलेल्या फर्मानाची तारीख १६ जून १६५९. मतलब असा, की शिवाजीची बाजू सोडा, खानाला सामील व्हा, नाही तर परिणाम भोगा. आता या कागदाचं कान्होजींनी काय केलं? जेध्यांच्या घरात 'करीना' म्हणून एक टिपण होतं, म्हणजे घराण्याची हकीकत. तो करीना सांगतो, की कान्होजी मुलांना घेऊन राजगडाला गेले आणि फर्मान महाराजांपुढे ठेवलं. महाराज म्हणाले, इतर देशमुख खानाकडे गेले आहेत, तुम्ही गेला नाहीत तर वतन जाईल, जिवावर बेतेल. तेव्हा कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं.

ही गोष्ट आपण नेहमी निष्ठेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण आज तिच्यातली एक बारीक क्रिया बघा. हाती आलेला कागद त्यांनी लपवला नाही, त्याचा सारांश तोंडी कळवला नाही, अर्धा सांगून अर्धा ठेवला नाही. मूळ कागदच समोरच्यापुढे वाचायला ठेवला आणि मग आपलं मत दिलं. कारी आज भोर तालुक्यात, राजगड वेल्ह्यात. या दोन तालुक्यांमधला वाचनाचा व्यवहार म्हणून आम्हाला हीच घटना आधी आठवते. त्यात पुस्तक नव्हतं, पण पुस्तक सुचवण्यात जे जे असतं ते सगळं होतं.

त्याच घरातला दुसरा कागद आजच्या विषयाला आणखी जवळचा आहे. तो म्हणजे जेधे शकावली. शकावली म्हणजे शकवार नोंदी. अमुक शकात, अमुक महिन्यात, अमुक तिथीला काय झालं, एवढंच. त्यात वर्णन नाही, अलंकार नाही, कुणाची स्तुती नाही. जेधे शकावलीत शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ या काळातल्या नोंदी आहेत. सुरुवातच औरंगजेबाच्या जन्माने होते. मराठ्यांच्या घरातली टिपणवही, आणि पहिली नोंद औरंगजेबाची! लिहिणाऱ्याला काळाची नोंद हवी होती. आपला माणूस आणि परका माणूस ही वाटणी तो नोंदीत आणत नाही. आमचा तर या माणसावर तेवढ्यानेच विश्वास बसतो.

ही शकावली घरात राहिली. पिढ्या गेल्या. छत्रपतींची गादी गेली, पेशवाई गेली, भोरला पंतसचिवांचं संस्थान होतं ते मात्र चालू राहिलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारीचे दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुख यांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली, आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात टिळकांनी ती छापली.

आता हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं. 'हाती दिली.' पण त्या काळात घरातलं दप्तर बाहेर काढणं म्हणजे काय होतं, हे लक्षात घ्या. इंग्रजी मुलखात १८५२ सालापासून इनाम कमिशनने लोकांचे कागद मागवले होते, तपासले होते आणि पुष्कळांची इनामं त्यात गेली होती. भोर हे संस्थान, तिथला कारभार वेगळा. पण घाटावरच्या माणसाला शेजारच्या मुलखात काय झालं ते कळतंच की. कागद दाखवला की जमीन जाते, ही धास्ती दोन-दोन पिढ्या टिकली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जुने कागद मिळवायला गावोगाव हिंडत, तेव्हा त्यांना या बंद पेट्यांचा अनुभव भरपूर आला. याच राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. म्हणजे मंडळ निघून सहा वर्षंच झाली होती आणि एका देशमुख घराण्याने आपला ठेवा तिथे पोचेल असं केलं. हा नुसता उदारपणा नव्हे. यात जोखीम होती.

आणि टिळकांनी काय केलं? त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद तेव्हा चालू होता. बखरींच्या आधाराने चालत आलेली तिथी होती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल. शकावली सांगत होती, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार, हस्त नक्षत्र, जन्म शिवनेरीला. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. टिळकांना 'केसरी'त एक अग्रलेख लिहिता आला असता, की आम्हाला विश्वसनीय कागद मिळाला आहे, त्यावरून अमुक तिथी खरी, लोकांनी ती मानावी. लोकांनी मानलीही असती. त्यांचा शब्द तेवढा मोठा होता. पण त्यांनी शकावली सबंध छापली. म्हणजे वाचकाला म्हटलं, हे बघा, हे सगळं आहे, तुम्हीही वाचा. तिथी, वार आणि नक्षत्र तिन्ही दिलेली असली की गणिताने ताळा पाहता येतो. नोंद खोटी असेल तर ती तिथेच उघडी पडते. असा ताळा पाहण्याची सोय त्यांनी प्रत्येकाला करून दिली.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा इथे थोडं आमच्या घरचं बोललंच पाहिजे. तुम्ही सहन कराल. दुसऱ्याने सांगितलं म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची का, हा आपल्याकडचा फार जुना वाद. चार्वाक म्हणतो, नाही, डोळ्यांना दिसेल तेवढंच. बौद्ध तार्किक म्हणतात, दुसऱ्याचा शब्द हा अनुमानाचाच एक प्रकार, त्याला वेगळं प्रमाण मानायचं कारण नाही. नैयायिक मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानतात, पण कोणाचा शब्द? तर आप्ताचा. आता मराठीत आप्त म्हटलं की आपल्याला लग्नाच्या पत्रिकेतले 'आप्तेष्ट' आठवतात. न्यायशास्त्रातला आप्त नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाने भाष्यात त्याचा अर्थ उलगडला आहे. ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे, जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे आणि जो ती सांगू शकतो, तो आप्त. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषीला लागू आहे, आर्याला लागू आहे आणि म्लेंच्छालाही लागू आहे. आम्ही हा भाग वर्गात शिकवायचो तेव्हा मुलं या शेवटच्या शब्दाला चमकून वर बघायची. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस सांगतोय, की शब्द कोणत्या कुळातून आला ते विचारू नका. त्याने स्वतः पाहिलंय का ते विचारा.

तर पुस्तकाची शिफारस ही शब्दप्रमाणाची गोष्ट आहे. एखादं पुस्तक चांगलं आहे हे आम्ही ते वाचण्याआधी कसं जाणणार? प्रत्यक्ष नाही. अनुमान करायचं तर कशावरून, मुखपृष्ठावरून? तेव्हा उरतो तुमचा शब्द. आणि त्या शब्दाची किंमत तुम्ही पुस्तक स्वतः वाचलंय का आणि जसं वाटलं तसं सांगताय का, यावर ठरते. वाचलेलं नसताना सांगितलेलं पुस्तक म्हणजे न पाहिलेल्या माणसाला जामीन राहण्यासारखं.

हे सगळं सरळ झालं असतं तर इतिहास कशाला म्हणायचा! १९१६ साली कारीच्या जेध्यांचा कागद टिळकांनी छापला. १९२५ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' नावाचं पुस्तक निघालं. लेखक दिनकरराव जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे. हे केशवराव त्याच कारीकर जेधे कुळाशी नातं सांगणारे, ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी, पुढे काँग्रेसचे आणि नंतर शेतकरी कामगार पक्षाचे मोठे नेते. आणि पुस्तक कोणावर? तर विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर. कडक भाषेत. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात आरोपींची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि ते सुटले.

नऊ वर्षांचं अंतर! ज्या कुळाने टिळकांवर विश्वास ठेवून कागद दिला त्याच कुळाच्या नावाखाली टिळकांवरचं हे पुस्तक. काही जण यात विसंगती बघतात. आम्हाला ती दिसत नाही. पुण्यातल्या शिकलेल्या वर्गाने जे वाचायला सांगितलं, ज्याला ग्रंथ म्हटलं आणि ज्याला म्हटलं नाही, त्या निवडीवरच ब्राह्मणेतर समाजाचा आक्षेप होता. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ सालचं. ते किती वाचनालयांच्या यादीत होतं आणि किती शिकलेल्या घरांत कुणी ते शेजाऱ्याला दिलं असेल? शिफारस करणाऱ्याने स्वतः वाचलंय, प्रामाणिक आहे, हे सगळं मान्य केलं तरी तो कोणती पुस्तकं हातात घेतच नाही, हे कसं तपासायचं? वात्स्यायनाच्या लक्षणात याला उत्तर नाही. १९२० च्या दशकातल्या पुण्याने हा प्रश्न विचारला, थोडा शिवराळपणे विचारला, पण प्रश्न खरा होता. आणि तरी बघा, शकावली छापलेली होती. ती कोणाची राहिली नव्हती. टिळक आवडोत न आवडोत, प्रत्येकाला ती वाचता येत होती.

पुढची हकीकत झटकन सांगतो. १९२५ सालीच द. वि. आपटे आणि स. म. दिवेकर यांनी संपादलेलं 'शिवचरित्रप्रदीप' निघालं, त्यात शकावली आणि करीना दोन्ही आहेत. १९२७ साली दिवेकरांनीच तंजावरला सापडलेलं कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' प्रसिद्ध केलं. हे महाराजांच्या काळातलं संस्कृत काव्य, आणि त्यातली जन्मतिथी शकावलीशी जुळते. गंमत अशी, की त्याच १९२७ साली जुन्या तिथीप्रमाणे महाराजांच्या जन्माचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव साजरा झाला. एकीकडे उत्सव, दुसरीकडे त्या उत्सवाचं साल चुकलंय असं सांगणारं पुस्तक बाजारात. सरकारदरबारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ठरायला चालू शतक उजाडावं लागलं. एका नोंदीला घरातून निघून सरकारी सुट्टीच्या यादीपर्यंत जायला ऐंशीहून जास्त वर्षं लागली. वाचकांनी एकमेकांना दिलेली पुस्तकं अशीच सावकाश चालतात.

आणि छापलं नसतं तर? वेल्हे तालुक्यातलं पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. पाणी पुण्यात शिरलं. नदीकाठच्या पेठांत माणसं गेली, वाडे गेले, आणि वाड्यांतल्या फडताळांत, माळ्यांवर जे कागद होते त्यांचा लगदा झाला. एकाच घरात असलेली एकच प्रत किती कच्ची असते, हे त्या दिवशी पुण्याने पाहिलं.

पण मंडळी, दप्तर असलेली घरं मूठभर. बाकीच्या मावळाचं काय? हिरडस मावळात, गुंजण मावळात, कानद खोऱ्यात, वेळवंड खोऱ्यात नाचणी-वरई पिकवणाऱ्या माणसाच्या घरी पुस्तक कुठलं असणार? तर तिथे आपल्याकडे जो शब्द होता तो होता 'पोथी लावणं'. श्रावणात पोथी लागायची. देवळात किंवा ज्याची ओसरी मोठी त्याच्याकडे. एक जण वाचणार, एक जण अर्थ सांगणार, बाकी गाव ऐकणार. श्रीधराचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' हे सगळे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतले. हस्तलिखितावरून हस्तलिखित होत पसरले. मग एकोणिसाव्या शतकात मुंबईला गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला, १८३१ साली छापील पंचांग काढलं, आणि हळूहळू छापील पोथ्या घाटावर आल्या. मुंबईला कामाला गेलेला माणूस गावी येताना आणायचा त्यात पोथीही असायची.

यावर शिकलेली माणसं नाक मुरडतात. म्हणे हे वाचन नव्हे, श्रवण. असेना. पण पोथी लावताना आधी काय होत होतं? या वर्षी कोणती लावायची हे ठरत होतं. 'गेल्या साली पांडवप्रताप झाला, औंदा हरिविजय घेऊ', यावर चार जण बोलत. शेजारच्या गावात काय लागलंय त्याची विचारपूस होई. ज्याने ऐकलंय तो ज्याने ऐकलं नाही त्याला सांगे, की तो अभिमन्यूचा अध्याय ऐकायला ये, चुकवू नकोस. ही शिफारसच! आणि ती करणाऱ्याला अक्षरओळख असेलच असं नाही. ग्रंथ वाचता न येणारा माणूस ग्रंथाची नेमकी शिफारस करू शकतो, हे आपल्या मावळाने दाखवून दिलंय. आजही सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं, व्यासपीठ चालक ओवी सांगतो, शंभर माणसं ओळीने बसून वाचतात. त्यातल्या बायकांची संख्या बघा. दुसरं कुठलंही पुस्तक हातात न धरणाऱ्या बाईने नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ पाच-पाच वेळा वाचलेला असतो. तिला कोणी 'वाचक' म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

सार्वजनिक वाचनालयं ही गोष्ट त्या मानाने नवी. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. त्याच्यामागे लोकहितवादी होते. खेड्यापर्यंत पुस्तक न्यायचं खरं धाडस बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी केलं. १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, गावोगावी वाचनालयं काढली आणि जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. फिरतं ग्रंथालय. संस्थानिक ठरवलं तर काय करू शकतो त्याचा हा नमुना. भोर संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं, पुढे १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, आणि मान्यताप्राप्त वाचनालयं, त्यांचे अ, ब, क, ड वर्ग, त्यांचं तुटपुंजं अनुदान, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. इथे ग्रंथपाल मंडळी बसली आहेत. अनुदानाचा विषय काढला तर आमचं व्याख्यान तेच पुरं करतील.

कायद्याने पुस्तकं आली, कपाटं आली. शिफारस कायद्याने येत नाही. ती कुठे असते ते सांगतो. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी असते. एका पुस्तकावर शिक्के दाटीने पडलेले असतात, दुसऱ्यावर दहा वर्षांत दोन. आम्ही तरुणपणी पुस्तक निवडताना ही चिठ्ठी आधी बघायचो. समासात पेन्सिलने कोणीतरी भांडलेलं असतं. शेवटच्या पानावर कोणी लिहितं, 'फार सुंदर, अवश्य वाचा.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'वेळ फुकट गेला.' त्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'पुस्तकावर लिहू नये.' आणि तेही पुस्तकावरच लिहिलेलं! ग्रंथपालांनी माफ करावं, पण आमच्या मते ती पानं फाडू नयेत. समाजाच्या वाचनाची शकावली आहे ती. फक्त तिथी-वार नसतो एवढंच.

नंतरच्या काळातले दोन-तीन टप्पे नुसते उल्लेखतो. पुस्तकांनाच वाहिलेलं 'ललित' मासिक १९६४ साली निघालं. ग्रंथाली ही वाचक चळवळ १९७० च्या दशकातली. नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरतात, म्हणजे सयाजीरावांचीच पेटी, फक्त राजाच्या जागी वाचक. आणि घाट उतरून पलीकडे, महाबळेश्वरजवळ, भिलार हे पुस्तकांचं गाव २०१७ साली झालं. हे सगळं चांगलंच आहे.

पण या भागाची एक गोष्ट आम्हाला बोचते, ती बोलतो. राजगड-तोरणा ही महाराष्ट्रातल्या पुस्तकवाल्या माणसांची लाडकी ठिकाणं. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गलेखनाने किती पिढ्या गडावर चढवल्या! शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पोराच्या पाठपिशवीत एखादं किल्ल्यांचं पुस्तक असतंच. तो गुंजवण्यात उतरतो, तिथल्या घरात पिठलं-भाकरी खातो, गड चढतो, उतरतो, जातो. त्याच्या पिशवीतलं पुस्तक त्या घरातल्या मुलीच्या हातात पडत नाही. ज्या गावाबद्दल लिहिलंय त्या गावात ते पुस्तक राहत नाही. चारशे वर्षांपूर्वी या गडावर एक देशमुख कागद घेऊन आला होता आणि ठेवून गेला होता. आज पुस्तकं चढतात आणि उतरतात. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण नुसत्या नावाने गावात पुस्तक येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. कारण होतं महाराजांवरचं एक इंग्रजी पुस्तक. ते प्रकाशकाने आधीच बाजारातून मागे घेतलं होतं. त्यातल्या मजकुरावर संताप येण्यासारखं होतं, आणि तो मजकूर इतिहासाच्या अभ्यासकांनीही निषेधार्ह ठरवला होता. आमचा मुद्दा निषेधाच्या हक्काचा नाही. मुद्दा असा, की ज्या कपाटांवर हात पडला त्यांत काय होतं हे पाहायला कोणी थांबलं नाही. 'हे वाचू नका' हीदेखील शिफारसच असते, उलट्या दिशेची. तिलाही वात्स्यायनाची अट लागू आहे, आधी स्वतः वाचलेलं हवं. ज्या महाराजांची जन्मतारीख एका मावळी घराण्याने कागद जपला म्हणून आपल्याला मिळाली, त्या महाराजांच्या नावाने कागदांवर हात टाकला गेला. आम्ही त्या आठवड्यात पुण्यात होतो आणि आमच्या तोंडून कितीतरी वेळ शब्द फुटत नव्हता. यापेक्षा जास्त आज बोलत नाही.

आता मोबाइलवर आपण दिवसाला चार मुखपृष्ठं एकमेकांना पाठवतो. खाली लिहितो, 'मस्ट रीड'. आम्ही अशा मित्राला हल्ली एकच प्रश्न विचारतो, 'शेवटून दुसऱ्या प्रकरणात काय आहे?' निम्मे मित्र कमी झाले. उरले ते आप्त.

उत्तरार्धाकडे जाण्याआधी आमची पाळी आम्हीच उरकून घेतो. आम्ही सध्या काय वाचतोय? एक, 'शिवचरित्रप्रदीप' पुन्हा वाचतोय, शकावलीसाठी. ते वाचायला कोरडं आहे, आधीच सांगतो. रोज दोन पानं वाचा, समोर नकाशा ठेवा आणि आपल्या खोऱ्यातली गावं कुठे येतात ती पेन्सिलने खूण करा. प्रत स्वतःची असेल तर. दुसरं, त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'श्रीशिवछत्रपती', १९६४ साली, त्यांच्या निधनानंतर निघालेलं. हे पुरं झालेलं चरित्र नाही. संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं आहेत. अपुरं पुस्तक का सुचवता, असं कोणी विचारेल. एक विद्वान लिहिण्याआधी काय काय गोळा करतो आणि कशावर शंका घेतो, ते तिथे उघडं दिसतं म्हणून. शेजवलकर फटकळ आहेत, काही ठिकाणी तुम्हाला राग येईल, आम्हालाही आला. तिसरं, 'श्रीमान योगी' तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेल. पण त्याला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप दीर्घ प्रस्तावना आहे, ती पुष्कळ जण ओलांडून कादंबरीकडे जातात. ती ओलांडू नका. एका वाचकाने एका लेखकाला, काय वाचायचं, कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही, हे तिथे मोकळेपणाने लिहून कळवलंय. कुरुंदकरांचे सगळे निष्कर्ष आम्हाला पटत नाहीत. का पटत नाहीत ते चहाच्या वेळी विचारा.

'देशाचे दुश्मन' वाचावं का, असं मघाशी पहिल्या ओळीतून कोणीतरी हळूच विचारलं. वाचावं. पण त्याच्या शेजारी चिपळूणकरांच्या निबंधमालेतले फुल्यांवरचे लेख ठेवून वाचावं, म्हणजे शिवराळपणा एकाच बाजूला होता असा समज होणार नाही.

शेजवलकर आमच्या या कापडी पिशवीत आहेत. प्रत आमची आहे, समासात आमचं भांडणही आहे. ज्यांना हवी त्यांनी दारातल्या वहीत नाव, गाव आणि तारीख लिहून न्यावी. वेल्ह्याकडच्या मंडळींना आधी, कारण परतीची गाडी त्यांची लवकर आहे. चला, आता तुमच्या पिशव्या उघडा. पहिलं कोण बोलतंय?